फ्रान्सचं द्राक्षासव

बरणीला कान लावून ऐकायला बाबांनी मला शिकवलं, तेव्हा मी अजून शाळेतही जात नव्हते. अमरावतीच्या राजापेठेतलं आमचं घर म्हणजे पुढे दवाखान्याची खोली, मध्ये स्वयंपाकघर आणि मागच्या अंगणात टिनाचं छप्पर घातलेली एक लांबट खोली. त्या खोलीला आम्ही आसवघर म्हणायचो. बाबा वैद्य होते, आणि त्यांचं नाव होतं ते आसवांसाठी. त्यातही द्राक्षासवासाठी. काळ्या मनुकांचा काढा, गूळ, मेळघाटातल्या धारणीकडून बसने पोत्यात भरून येणारी धायटीची लाल फुलं, असं सगळं चिनी मातीच्या बरणीत भरायचं, तोंडाला फडकं बांधून वर मातीचा लेप द्यायचा आणि बरणी गव्हाच्या भुशात गळ्यापर्यंत पुरून ठेवायची. मग बाबा मला कडेवर घेऊन एकेका बरणीशी वाकवायचे. "ऐक, काय मंते थे?" आत बुडबुड बुडबुड चाललेली असायची, जशी दोन म्हाताऱ्या बायांची कुजबुज. मी सांगायची, "बोलून राहिली, बाबा." "मंग बोलू दे तिले. तिचं बोलनं संपलं का आपुन बोलू." आवाज थांबला की लेप फोडून ते पेटती काडी आत धरायचे. काडी विझली तर बरणी परत बंद. काडी तेवत राहिली तर आसव झालं.

आता चव घ्यायची. ती घ्यायची आमच्या घरची रीत होती, आणि त्या रीतीवरच पुढचं सगळं घडलं, म्हणून सांगून ठेवते. आधी शिष्याने चव घ्यायची आणि बोलायचं, मग गुरूने. बाबा म्हणत, गुरू आधी बोलला की शिष्याच्या जिभेवर आसवाची नाही, गुरूची चव येते. शिष्य म्हणजे मी. बाबांच्या हाताखाली दुसरं कोणी टिकलंच नाही, त्यांना लोकांची बडबड खपत नसे. काचेच्या लहानशा पेल्यात आसव घ्यायचं, उजेडाकडे धरून रंग पाहायचा, मग डोळे मिटून वास, मग घोट. घोट हिरड्यांवरून फिरवायचा, गिळायचा आणि चव तोंडातून जाईपर्यंत गप्प बसायचं. "चवीले पाय असतात, इंदू," बाबा म्हणायचे. "हलकी चव उंबरठ्यातच बसते. जातिवंत चव समद्या घरातून फिरून येते." तुरटाचे त्यांच्याकडे दोन प्रकार होते. नवं तुरट कच्च्या केळाच्या सालीसारखं हिरड्या ओरबाडतं, आणि मुरलेलं तुरट धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरासारखं अंगाला लागतं. आणि शेवटी गोडवा राहिलाच पाहिजे, थोडा तरी. गोडवा पुरता गेला म्हणजे आसव सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या वाटेला लागलं, ते सरळ मोरीत ओतायचं. हा नियम मला पाढ्यासारखा पाठ होता.

माझी नात पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला आहे, तिथे तिला वाइन ओळखायला शिकवतात. मागे ती आली होती तेव्हा मी तिला हे सांगितलं, तर टुणकन उठून बसली. "आजी, तुम्ही टॅनिन शिकत होता!" म्हटलं, बाई, आम्ही तुरट शिकत होतो, तुमचं तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षीच्या पावसाळ्यात बाबांना ताप आला. चांगला दणकून आला आणि बरेच दिवस राहिला. आई कपाळावर पट्ट्या ठेवायची, मी काढे उकळायची, आणि बाबा अर्धवट शुद्धीत आम्हालाच काढ्यात काय चुकलं ते सांगायचे. ताप उतरला. बाबा काठी टेकत आसवघरात जाऊन आले, आम्ही देवापुढे साखर ठेवली. ते थोडे अबोल झाले होते, पण अशक्तपणाने माणूस अबोल होतोच. मग दर्यापूरच्या माझ्या मावशीचं बाळंतपण आलं आणि मला तिच्याकडे जावं लागलं. मी नसताना बाबांनी द्राक्षासवाच्या बरण्या फोडल्या, एकट्यानेच चव घेतली आणि माल बाटल्यांत भरला. शिष्याशिवाय फुटलेल्या त्या पहिल्याच बरण्या.

मी परत आले त्याच आठवड्यात शब्बीरचाचा आले. बाजारात त्यांचं सुक्या मेव्याचं दुकान होतं, आमच्या मनुका त्यांच्याकडूनच यायच्या, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईला बाबांचं आसव बारा महिने चालायचं. चाचा आत आले, दवाखान्यात दोन माणसं बसली होती ती जाईपर्यंत उगाच भिंतीकडे पाहत राहिले आणि मग पिशवीतून बाटली काढली.

"वैद्यजी, बुरा नका मानू. अम्मीनं चमचा तोंडापाशी नेला अन् फेकून देल्ला. कुबट मारून राहिली दवा. मनुका तं माह्याच दुकानाच्या, म्हटलं माह्याच मालात खोट निघाली का काय."

बाबांनी बूच काढलं. बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच धरली. मी मधल्या दारात उभी होते, तिथपर्यंत वास आला. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या गोणपाटाचा वास. बरणीच्या फडक्याला बुरशी धरली की येतो तो. बाबांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला.

"चांगलं तं आहे, चाचा," ते म्हणाले.

शब्बीरचाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते बाटली तिथेच ठेवून निघून गेले. भला माणूस, बाहेर एक शब्द त्यांनी काढला नसेल. पण तो माल गावभर गेलेला होता. एकेक बाटली परत येऊ लागली. काही लोक बाटली आणून देत, काही नुसतेच यायचे थांबले.

त्यानंतर एकदा भर दुपारी मी काही आणायला आसवघरात गेले. बाबा भुशाच्या ढिगाशी पाय पसरून बसले होते आणि त्यांच्याभोवती औषधांचे सगळे डबे उघडे पडले होते. कापूर, हिंग, वेखंड, लवंग, ओवा, सोललेला लसूण. ते एकेक डबा उचलत होते, नाकाशी धरून छातीभर श्वास ओढत होते आणि खाली ठेवत होते. मग त्यांनी चिरलेला कांदा उचलला. कांद्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, टपटप धोतरावर पडू लागलं, आणि तरी त्यांची मान नाही नाही म्हणत हलत होती. मी दारात आहे हे त्यांना कळायला वेळ लागला. त्या खोलीत त्या क्षणी इतके वास भरले होते की माझं डोकं गरगरत होतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध माझा बाप कोरडा बसला होता.

"कोनाले सांगू नको," एवढंच म्हणाले. "आईलेही नाही."

हल्ली कोरोनाच्या साथीत आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांचा वास गेला होता. लोक फोनवर एकमेकांना सांगत होते, चहा नुसता गरम पाण्यासारखा लागतो म्हणून हसत होते. मला हसू येईना. बाबांच्या वेळी वास जाणं हा काही रोग आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. जीभ होती, आंबट-गोड-कडू सगळं कळत होतं, पण नाक मेलं होतं. आणि वैद्याचं नाक मेलं हे गावाला सांगायचं कसं? ज्याने नाकावर नाव कमावलं त्याने?

बाबांनी काय काय केलं म्हणून सांगू. नाकात तेलं सोडली, वाफा घेतल्या, मिरच्यांची धुरी घेऊन खोकून खोकून बेजार झाले. पहाटे उठून अंगणातल्या तुळशीत तोंड खुपसून उभे राहायचे. मी खिडकीतून पाहायची आणि पांघरुणात शिरायची. दवाखान्यातली बाकं रिकामी राहू लागली. खलबत्त्याचा ठणठणाट, ज्याच्यावर मी लहानपणापासून जागी होत आले, तो बंद झाला, आणि घर असं गप्प झालं की भाकर थापल्याचा आवाजही मोठा वाटायचा. ताटात आधी तूप दिसेनासं झालं, मग भाजी. भाकरीबरोबर नुसता ठेचा आणि कांदा. बाबा जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे, कुठेतरी पाहत. मला वाटायचं, आपल्या घराला कोणीतरी भुशात पुरून वरून लेप दिलाय, आणि आत आता काही बोलत नाही.

हिवाळ्यात शब्बीरचाचा परत आले. या वेळी बातमी घेऊन. अकोल्यात एक दादासाहेब होते, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्या घराण्यातले. तरुणपणी कापसाच्या व्यापारासाठी बरीच वर्षं फ्रान्सात राहिलेले. त्यांना आता औषधांचा कारखाना काढायचा होता, आणि आसवांवर देखरेख ठेवायला पारखी वैद्य हवा होता. राहायला जागा देणार होते. "पन साहेब मोठे अजब हायेत," चाचा म्हणाले. "जो वैद्य येते त्याच्यापुढे फ्रान्सचं द्राक्षासव ठेवतात अन् मन्तात, सांगा, कसं हाय. आजवर आले ते समदे वापस गेले. मी तुमचं नाव देल्लं, वैद्यजी. तुमच्यासारखी जबान जिल्ह्यात नाही."

चाचा गेल्यावर बाबांनी मलाही बरोबर न्यायचं ठरवलं, तशी आई चुलीपुढून उठून आली.

"द्राक्षासव कायचं, दारू म्हना ना सरळ. फ्रान्सची असो का मोहाची, दारू थे दारू. अन् इंदूलेही नेता? जवान पोट्टीले दारू पाजाले घेऊन चालले का?"

"अवं, द्राक्षांचंच आहे ते. आपल्या घरात काय होते मंग?"

"आपल्या घरात औषध होते."

"त्यांच्याही घरात औषधच होत असंन," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतकं काकुळतीचं काही होतं की आई परत चुलीपुढे जाऊन बसली.

आमचा बेत साधा होता. घरची रीत म्हणून आधी मी चव घ्यायची. वास काय काय येतो ते मी मोठ्याने, नीट, एकेक करून सांगायचं. मग बाबांनी तेच धरून पुढे बोलायचं. जिभेचं ते पाहून घेणार होते. अकोल्याच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत बाबा माझ्याकडून घोकून घेत होते. "आधी वास. काही झालं तरी आधी वास सांगजो." मी मान हलवत होते. ही नोकरी मिळाली नाही तर पुढे काय, हे आमच्यापैकी कोणी उच्चारत नव्हतं, कारण पुढे काहीच नव्हतं.

दादासाहेब म्हणजे काठी टेकत चालणारे, पांढऱ्या मिशांचे, दमेकरी गृहस्थ. स्वतः उठून दारापर्यंत आले. "या, वैद्यबुवा. अन् ही कोण?"

"माही शिष्या. मुलगी आहे, इंदू. आमच्याकडे आधी शिष्य बोलते."

"अरे वा! आमच्याकडे तर शिष्य आधी पळून जातो." ते हसले आणि खोकू लागले. मला ते आवडले. आवडले म्हणूनच पुढे जास्त लागलं.

टेबलावर पांढरी चादर होती, पातळ काचेचे मोठाले पेले होते. त्यांनी बाटलीतली वाइन अगदी सावकाश एका काचेच्या सुरईत ओतली, तळचा गाळ बाटलीतच ठेवला आणि सुरई काही वेळ उघडीच राहू दिली. "हिला जरा वारा लागू द्यावा लागतो," म्हणाले. "फार दिवस कोंडून होती." मग माझ्या पेल्यात ओतली. मी पेला खिडकीकडे धरला. मध्ये इतकी गडद की पलीकडचं माझंच बोट दिसेना, आणि काठाला जांभळट झाक. डोळे मिटले, वास घेतला. काय सांगू! पिकलेलं जांभूळ होतं त्यात. नवी पेन्सिल तासल्यावर येतो तो लाकडाचा वास होता. पानवाल्याकडे तंबाखूचा डबा उघडल्यावर येतो तसं काहीतरी, आणि खाली अगदी दूर, उन्हात तापलेल्या दगडावर पाणी मारल्यासारखं. मी मनात एकेक शब्द ओळीने लावून ठेवला. मग घोट घेतला.

तोंडातलं सगळं पाणी कोणीतरी एका झटक्यात ओढून घेतलं. जीभ टाळूला चिकटली, हिरड्या आवळल्या. आंबट होतं, तुरट तर असं की गालांच्या आतून कोणी मूठ आवळावी. माझी जीभ गोडवा शोधत कोपऱ्याकोपऱ्यात फिरली. नव्हता. कुठेच, थेंबभर नव्हता. आणि माझा पाढा माझ्या तोंडातून बाहेर पडला.

"बाबा, हे गेलं. गोडवाच नाही राहिला. सिरक्याच्या वाटेला लागलं हे, ओतून द्या."

बोलले आणि मला आठवलं की वास सांगायचा राहिला. दादासाहेब हसले नाहीत. त्यांनी नुसती काठीची मूठ या हातातून त्या हातात घेतली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. विहिरीत पडणारा माणूस दोराकडे पाहतो आणि दोर सुटलेला दिसतो, तसं.

मग त्यांनी आपला पेला उचलला. नाकाशी नेला, रीत म्हणून. घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहत बसले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. बोलले तेव्हा हळू बोलले.

"पोरगी आमच्या रीतीनं बोलली, साहेब. आमच्यात गूळ असते, म्हनून तिनं गोडवा शोधला. हे गुळाचं नोहे. याच्यातलं गोड समदं खर्ची पडलं, पन वाया नाही गेलं. आंबट पाहा, सरळ चालून राहिलं, कुठी टोचत नाही. तुरट भल्लं जबर आहे, पन कडू नाही, अन् समद्या तोंडात सारखं बसलं आहे. एकीकडे दाट अन् एकीकडे विरळ असं नाही." ते थांबले, जीभ टाळूला लावून पाहिली. "मी एवढा बोलून राहिलो, तरी अजून तोंडातच आहे ते. बिघडलं नाही, साहेब. कच्चं आहे. आज उघडली ही घाई झाली. आंबटात जीव आहे तवर तुरटाले मुराले सवड आहे. दहा-पंधरा वर्सं तं सहज. अंधारात, थंड जागी निजू द्या बाकीच्या बाटल्या."

मी माझ्या बापाकडे बघतच राहिले. वास नाही, काही नाही. पण इमारतीचं छप्पर-रंग-तावदानं काढून नुसते खांब दाखवावेत तसं त्यांनी ते दाखवलं होतं. आज मला वाटतं, नाक नव्हतं म्हणूनच त्यांना खांब इतके स्वच्छ दिसले असतील. मी जांभळात अडकले होते.

दादासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "ज्याच्या मळ्यातली ही आहे, वैद्यबुवा, तो म्हातारा मला हेच बोलला होता. घाई करू नको म्हणून. आता माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत, म्हणून घाई करतो." मग ते इतर गोष्टी बोलू लागले. मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत. विहिरीला पाणी चांगलं आहे. मुलीला कॉलेजात घालायचं असेल तर इथून जवळ आहे. बाबा मान हलवत होते. माझ्या डोळ्यांपुढे त्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, आई तिथे शेणसडा घालताना दिसली, आणि खलाचा आवाज ऐकू आला. देवा, म्हटलं, आता उठू दे आम्हाला इथून.

"एक शेवटचं," दादासाहेब म्हणाले, आणि कपाटातून त्यांनी दुसरी बाटली आणली. तीच चिठ्ठी, तोच रंग. "याच पेटीतली आहे. सकाळी उघडली. दोन्हींत फरक काय ते सांगा. आता मात्र फक्त तुम्ही, बुवा. शिष्येनं बोलायचं नाही."

त्यांनी पेल्यात ओतली, आणि टेबलाच्या या टोकाला माझ्यापर्यंत तो वास आला. पावसात भिजलेलं गोणपाट. शब्बीरचाचांच्या बाटलीतला तोच.

बाबांनी वास घेतला. डोळे मिटून, शांतपणे, जाणत्या माणसासारखा. घोट घेतला. "दोन्ही एकच," म्हणाले. "तेच आंबट, तेच तुरट. याचे पाय थोडे आखूड वाटतात, बस."

"आणि वास?"

बाबांनी पेला परत नाकाशी नेला. छातीभर श्वास ओढला. पुन्हा ओढला. आणि तो चेहरा मी आधी पाहिलेला होता, आसवघरात, कांदा हातात धरलेला. त्यांचे ओठ हलले. ते काहीतरी सांगणार होते, कुठलाही एक वास, जुना, आठवणीतला, आणि समोरचा माणूस वाट पाहत होता, आणि मला ते बघवेना.

"बाबा," मी म्हणाले, "ठेवा तो पेला."

बाबांनी पेला खाली ठेवला. चादरीवर एक तांबडा थेंब सांडला, तो बोटाने पुसायला गेले, आणखी पसरला.

"साहेब," ते म्हणाले, "मले वास येत नाही. पावसाळ्यात ताप आला, तवापासून."

हे वाक्य त्यांनी तोवर कोणाजवळ उच्चारलं नव्हतं. माझ्याजवळही नाही.

दादासाहेबांनी तो पेला आपल्याकडे ओढून घेतला. "अमरावतीत तुमच्या बाटल्या परत येतात ही बातमी माझ्या कानावर आली होती," ते म्हणाले. "यातलं बूच सडलंय, म्हणून ही मुद्दाम ठेवली. तुम्ही पहिल्या बाटलीवर बोललात तेव्हा मला वाटलं, बातमी खोटी असावी. फार वाटलं तसं. तुमच्यासारखी जीभ मी तिकडेही पाहिली नाही, बुवा. पण हे औषध लेकरं पिणार, बाळंतिणी पिणार. मी नाही देऊ शकत तुमच्या हाती. मला माफ करा."

"तुमचं बरोबर आहे," बाबा म्हणाले.

"मी आहे ना!" मी ओरडलेच जवळजवळ. "वास मी घेत जाईन. जीभ बाबांची, नाक माझं."

दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत चेष्टा नव्हती, ती असती तर बरं झालं असतं. "तू लग्न होऊन जाशील, पोरी. मग?"

त्या काळी मुलगी लग्न होऊन जायचीच.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. माझ्या तोंडातून ती चव अजून गेली नव्हती. समोरच्या बाकावरच्या बाईने संत्रं सोललं आणि सालीचा तुषार आमच्या अंगावर उडाला. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"संत्र्याचा वास आला तुले?"

"हाव."

"कसा आहे?"

फ्रान्सच्या वाइनचे इतके वास मी ओळीने लावून ठेवले होते, आणि बाबांना संत्र्याचा वास सांगायला मला एक शब्द सापडेना. जन्मभर खाल्लेलं फळ. "संत्र्यासारखा, बाबा," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, जसं मी फार नेमकं काही सांगितलं, आणि परत बाहेर पाहू लागले. त्यानंतर बाबांनी आसवं केली नाहीत. नाडी पाहायचे, चूर्णं द्यायचे, जे थोडे लोक येत त्यांच्यावर घर कसंबसं ओढलं आम्ही, मी शिकवण्या धरल्या. बरण्या आईने एकेक करून लोणच्यासाठी शेजारणींना दिल्या. बाबा गेले तोवर त्यांचं नाक काही परत आलं नाही.

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. नवं लुगडं नेसली होती. तिने कुठूनतरी तुरीच्या ओल्या शेंगा मिळवून सोलेभाजी केली होती, भात टाकला होता. आमचे चेहरे पाहिले आणि ती आत वळली. बाबा चपला काढता काढताच म्हणाले,

"ऐकलं का? मले वास येत नाही. तापापासून. मी तुले सांगितलं नाही."

आईने पाट मांडले. "मले माहीत आहे."

"तुले?" बाबा माझ्याकडे वळले. मी नाही अशी मान हलवली, मी नव्हतं सांगितलं.

"अहो, तुमी तापातून उठले त्याच आठवड्यात दूध करपलं होतं माह्या हातून. घरभर धूर. शेजारीन धावत आली. अन् तुमी दवाखान्यातून आत येऊन पाटावर बसले अन् इचारलं, चहा झाला का मनून."

"मंग बोलली कावून नाही?"

"तुमी लपवून राहिले होते ना," आई म्हणाली. ताटात भात वाढताना तिचा हात थांबला नाही. "समदं तं चाललंच होतं घरातून. म्हटलं, लपवनं तरी ऱ्हाऊ द्या त्यांच्यापाशी."

बाबा पाटावर बसले. आम्हीही बसलो. त्यांनी सोलेभाजीत भात कालवला, पहिला घास घेतला आणि तो तोंडात फिरवत राहिले, हिरड्यांवरून, टाळूवर, सवयीने. आम्ही दोघी त्यांच्याकडे पाहत होतो.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

आईने बोट बुडवून चाखलं. खरंच कमी होतं. ती उठली, फडताळातून मिठाची वाटी घेऊन आली, आणि ती बाबांच्या ताटाशी न ठेवता, हातात तशीच घट्ट धरून, ते चवीचं अजून काही सांगतील म्हणून, त्यांच्यासमोर बसून राहिली.